खड्डे चुकवणारा बीडीओ

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी बीडीओ साहेबांचा गेम करणार आहे, अशी जी बातमी अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात किन्हवलीपासून शहापूरपर्यंत पसरली, ती साफ खोटी होती. मी फक्त बीडीओ गेम करणार होतो. 'साहेबांचा' हा शब्द लोकांनी पदरचा घातला. मी चारित्र्यवान माणूस आहे आणि त्या वेळी तर माझ्या निवृत्तीला जेमतेम पाच महिने उरले होते. अशा वयात कोण कोणाचा गेम करतो?

आता काही विद्वान मला सांगतात की मुळात तो शब्द 'व्हिडिओ' असा आहे. असेल. पण मुरबाडच्या बाजारात रूपेशच्या दुकानावर हातभर लाल अक्षरांत 'बीडीओ गेम' असंच लिहिलेलं होतं, आणि आमच्या भागात लहानथोर सगळे तसंच म्हणत. मी बोर्ड वाचला आणि तसाच्या तसा लिहिला. गटविकास अधिकाऱ्यालाही बीडीओ म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मराठीत एका शब्दाचे दोन अर्थ असतातच. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे टॅक्ससुद्धा, म्हणून कोणी हात जोडताना तलाठ्याला बोलावत नाही.

तर हा रूपेश. मी शाळेसाठी परीक्षानळ्या आणायला मुरबाडला गेलो होतो, तेव्हा तो दुकान बंद करून तिथे एसटीडीचं की झेरॉक्सचं काहीतरी टाकायच्या विचारात होता. दुकानात पाच पेट्या होत्या. कपाटाएवढी उंच पेटी, वर काच, मध्ये दांडा, दांड्याशेजारी सहा बटणं. चार पेट्या कल्याणच्या माणसाने नेल्या. पाचवी चालत नव्हती.

"फर्डेमामा, तुमाला पायजे तर घिऊन जा," रूपेश म्हणाला. "मला फक्त जागा खाली करून द्या."

फुकट मिळणारी बंद वस्तू पाहिली की माझ्या अंगात काय संचारतं हे माझी पत्नी वंदना तुम्हाला अधिक चांगलं सांगेल. ती सांगेलच, न विचारता. पण या वेळी माझ्या डोक्यात निव्वळ हौस नव्हती. माझ्या डोक्यात तालुका विज्ञान प्रदर्शन होतं.

इथे मला माझं दुःख सांगणं भाग आहे. मी शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक. सव्वीस वर्षं. विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा एक गट असतो, शिक्षकांचा एक असतो, आणि अगदी शेवटी, यादीच्या तळाशी, प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचा एक गट असतो. या गटात आमच्या तालुक्यातून दरवर्षी एकच माणूस भाग घेतो. तो मी. आणि त्या एकट्या माणसाला दरवर्षी 'उत्तेजनार्थ' बक्षीस मिळतं. पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. शर्यतीत एकटा धावून चौथा येणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला येऊन पाहा. परीक्षक म्हणतात, प्रथम क्रमांकाच्या दर्जाचं काही आलं नाही. उत्तेजनार्थवाल्यांना मंचावर बोलवत नाहीत. त्यांची प्रमाणपत्रं शिपायाबरोबर पाठवतात. आमचा शिपाई बुधू ती मला चहाच्या किटलीबरोबर आणून देतो. दोनांवर चहाचे डाग आहेत.

यंदा प्रदर्शन आमच्याच शाळेत होणार होतं, उद्घाटनाला बीडीओ साहेब येणार होते, आणि मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. म्हणजे काय ते एकदाच. शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या पडवळ सरांनी विचारलं, "यंदा काय फर्डे? पुन्हा बांबूचा परीक्षानळी-स्टँड?" आणि सगळे हसले. मी तिथल्या तिथे म्हणालो, "यंदा बीडीओ गेम दुरुस्त करून ठेवतो. पहिला नंबर घेतला नाही तर नावाचा फर्डे नाही." बोलून गेलो खरा. पेटी तेव्हा अजून मुरबाडलाच होती.

पेटी आणायला मी गवताचा टेम्पो गाठला. आमच्याकडून मुंबईच्या तबेल्यांना गवत जातं, त्यातला एक टेम्पो गाठी घेऊन किन्हवलीमार्गे निघाला होता. पेटीला ओरखडा पडू नये म्हणून ड्रायव्हरने ती गाठींच्या मधोमध घातली आणि वरून गवत पसरलं. हेतू चांगला होता. पण वाटेतल्या वनखात्याच्या नाक्यावर गार्डने गवतात हात घातला आणि त्याच्या हाताला लाकूड लागलं.

"साग चोरून नेता काय रे?"

मी खाली उतरून सांगितलं की मी शाळेचा कर्मचारी आहे आणि हा बीडीओ गेम आहे. तो म्हणाला, बीडीओचा असो का कलेक्टरचा, वाहतूक पास दाखवा. मग त्याने टॉर्चच्या बुडाने पेटी ठोकली, वास घेतला, नखाने खरवडली आणि तोंड वाकडं केलं. "हॅ, प्लायवूड हाय. ते पण ओलं झालेलं. न्या न्या." चोर समजला तेव्हा इतकं लागलं नव्हतं, पण त्याने माझ्या पेटीला ज्या नजरेने सोडलं ते मला फार लागलं.

घरी पेटी दारातून आत येईना, म्हणून ती पडवीत उभी केली. शेजारच्या सकुबाईंनी लगेच तिला हळदीकुंकू लावलं. त्यांना वाटलं, नवीन देव्हारा आहे.

दुरुस्तीला मी एकटा समर्थ होतो. पण शेजारी महादू निमसे राहतात, आणि एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक असलेला निवृत्त माणूस शेजारी असताना तुम्हाला एकट्याने काही करता येत नाही. मी मागचं दार उघडलं. आत उंदरांनी वायरींचा भुगा करून सुंदर घरटं केलं होतं. हिरव्या पाटीवर शेकडो बारीक पाय असलेले काळे किडे बसवलेले होते. माझं विद्युतशास्त्र दहावीपर्यंतचं आहे: घट, कळ, दिवा, घंटी. त्या पाटीत मला या चौघांपैकी कोणीच ओळखीचं दिसेना. मी गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणालो.

"काय नाय, जाम झालंय," महादू म्हणाले. "आमच्या डेपोत अशी गाडी आली का आमी फक्त एक थाप मारायचो. कुठं मारायची ते कळायला पायजे."

त्यांना कळत होतं असं त्यांचं म्हणणं. मी मल्टिमीटर आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी पान्याने ती थाप मारली. नेमकी पिक्चर ट्यूबच्या मानेवर. फुस्स असा आवाज आला, म्हैस उसासा टाकते तसा, आणि वीस इंची ट्यूबचा प्राण गेला.

"बघा, हवा गेली," महादू म्हणाले. "आधीच गेलेली असंल."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण चांगली पक्कड त्यांच्याकडे होती. पण त्या दोन दिवसांत मी पडवीत बसून त्या रिकाम्या काचेकडे बघत होतो आणि मला सुचलं ते मी अभिमानाने सांगतो. जर आतली पाटी कळत नाही, तर आपल्याला कळतं ते आत घालावं. घट, कळ, दिवा, घंटी. ट्यूब काढून टाकायची. तिच्या जागी कापडाचा एक लांब पट्टा, दोन रुळांवर फिरणारा. पट्ट्यावर रस्ता रंगवायचा. रस्त्यावर एक छोटी लाल एसटी, ती दांड्याने डावी-उजवीकडे सरकवायची. रस्ता पळणार, गाडी आपण सांभाळायची. आणि रस्त्यात खड्डे. खड्डा म्हणजे कापडावर चिकटवलेली चांदी, सिगारेटच्या पाकिटात असते ती. गाडीच्या पोटाखाली तांब्याचे दोन ब्रश. दोन्ही ब्रश चांदीला टेकले की विद्युत परिपथ पूर्ण, की घंटी वाजली. दहावीचं पुस्तक, प्रकरण सहावं. पडवळ सर हे प्रकरण दरवर्षी शिकवतात, पण त्यांना सुचलं नाही.

पट्टा फिरवायला मोटर हवी होती. वेग कमी-जास्त करता येणारी, पायाने चालणारी. अशी मोटर आमच्या घरात होती. ती वंदनाच्या शिलाई मशीनला लावलेली होती.

वंदना ब्लाउज शिवते. पंचक्रोशीत तिच्या बाहीला तोड नाही. त्या महिन्यात तिच्या माहेरी, सापगावला, लग्न होतं आणि चौदा ब्लाउज यायचे होते. मी विषय जपून काढला.

"तुमच्या त्या बीडीओला माजी मोटर," ती म्हणाली. "आणि मी काय करू?"

"महिनाभर पायाने. तुझी आई नाही का पायानेच शिवायची? आणि बघ, यंदा पहिला नंबर येणार."

"पयला नंबर काय मला अंगात घालता येतो?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मशीनची मोटर सोडवलेली, तेल पुसून, पेडलसकट पडवीत ठेवलेली होती. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. ती अशी न बोलता वस्तू आणून ठेवते तेव्हा मला शिव्या खाल्ल्यापेक्षा जास्त लाज वाटते. तिचं पायमशीन मग आतल्या खोलीत रोज खडखडत राहिलं.

रस्ता कुठला रंगवायचा हा प्रश्न नव्हता. किन्हवली ते सापगाव. लग्न झाल्यापासून मी या रस्त्याने सासरी जातोय, मला तो डोळे मिटून येतो. मी जाड मांजरपाट आणला, त्यावर ऑइलपेंटने डांबर, झाडं, मोरी, शेवटी नदीवरचा पूल रंगवला आणि आठवतील तसे अकरा खड्डे चिकटवले. काम खरं म्हणजे तिथेच संपत होतं. पण पट्टा वाळत घातला होता पडवीत, आणि पडवी रस्त्यावर होती.

पहिल्यांदा महादू आले. त्यांनी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. "आमच्या फाट्यावरचा खड्डा कुठं हाय? तीस वर्सं त्या खड्ड्यात मोडलेले गाडीचे पाटे बदलले मी. तो नाय, मंग काय रस्ता काडलाव तुमी?" त्यांचा मान राखून मी बारावा खड्डा टाकला. ते पाहून पिठाच्या गिरणीवाले आले. त्यांच्या गिरणीपुढे तर दोन होते. मग टपरीवाला कमळू आला, तो म्हणाला माझ्या दारातला मोठा आहे, तुम्ही त्याला लहान दाखवून अन्याय केला. प्रत्येकाला वाटे की आपला खड्डा प्रदर्शनात गेलाच पाहिजे. माणसाला आपल्या दारातल्या खड्ड्याचा इतका अभिमान असतो हे मला माहीत नव्हतं. सकुबाईंना खड्डा नको होता, त्यांना त्यांची म्हैस रस्त्यात बसलेली हवी होती. म्हैसही काढली. तिच्या शिंगांना चांदी लावली, म्हणजे म्हशीला धडक बसली तरी घंटी वाजेल.

खड्ड्यांची संख्या सत्तावीस झाली आणि चांदी संपली. मी कमळूच्या टपरीवरून सिगारेटची रिकामी पाकिटं वेचू लागलो. चार दिवसांत मुख्याध्यापक वेखंडे सरांनी मला बोलावून, दार लावून, मोठ्या मायेने विचारलं, "फर्डे, या वयात ही सवय कशी लागली? रोज वीस पाकिटं म्हणे." मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही.

आणि मग आला तो अर्ज. प्रदर्शनाचा अर्ज मी स्वतःच्या हस्ताक्षरात भरला. माझं अक्षर चांगलं आहे, वाचताना कोणाची चूक होण्याची शक्यताच नाही, आणि घात तिथेच झाला. उपकरणाचे नाव: बंद पडलेला बीडीओ गेम दुरुस्त करणे. उद्देश: खड्ड्यांविषयी जागृती. स्थळ व वेळ: उद्घाटनप्रसंगी, सकाळी अकरा वाजता.

उपकरणांची यादी मंजुरीसाठी तालुक्याच्या कचेरीत गेली. तिसऱ्या दिवशी शाळेत फोन आला. वेखंडे सर फोनवर बोलताना उभे राहिले, म्हणजे कुठून आला असेल ते आम्ही समजलो. पलीकडून विचारत होते: हा फर्डे कोण? याचं साहेबांशी काही वैर आहे का? अकरा वाजता उद्घाटनप्रसंगी म्हणजे नेमकं काय करणार आहे? संध्याकाळपर्यंत कमळूच्या टपरीवर ठरून गेलं होतं की फर्डेमामा बारा तारखेला अकरा वाजता बीडीओचा गेम करणार. दोन माणसांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की कोणाची सुपारी आहे. एकाने तर नुसता माझा हात दाबला आणि म्हणाला, "आमच्या रस्त्यासाठी कुनीतरी करायलाच पायजे होतं."

वेखंडे सरांनी मला मेमो दिला. लेखी खुलासा करा, अन्यथा उपकरण प्रदर्शनातून मागे घ्या. मागे घ्यायचं? सव्वीस वर्षांनी? मी रात्री न जेवता बसलो असं म्हणवत नाही, जेवलो, पण भात कमी घेतला. आणि खुलासा लिहिला. प्रामाणिक, मुद्देसूद. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती देतो:

'महोदय, सदर बीडीओ हा मी मुरबाडहून गवतात घालून आणला असून तो आणला तेव्हाच बंद अवस्थेत होता. एका शेजाऱ्याने पाना मारल्यामुळे त्याची मान मोडली. त्यानंतर मी त्याच्या पोटातील सर्व भाग काढून टाकले आहेत. आता तो फक्त खड्डे चुकवतो. खड्डा चुकवला नाही तर त्याची घंटी वाजते. तरी गैरसमज नसावा.'

हा खुलासा वेखंडे सरांनी न वाचता पुढे पाठवला. त्यांना घाई होती. कचेरीतून उलट काही उत्तर आलं नाही. बुधू म्हणाला, "मामा, उत्तर नाय आलं म्हंजे पोलीस येतील." वंदनाने त्या दिवशी माझा चांगला सदरा इस्त्री करून ठेवला. "कुठं बी जायला लागलं तरी बरा दिसल," ती म्हणाली.

बारा तारीख उजाडली. माझी पेटी सगळ्यांच्या शेवटी, शाळेच्या गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याखाली मांडली होती. वेखंडे सरांनी तिच्यापुढे दोन कुंड्या ठेवून ती जमेल तितकी झाकली. अकराला जीप आली. साहेब उंच, मिशीवाले, चाळिशीचे. त्यांनी फीत कापली, दीप लावला, आणि मुख्याध्यापक त्यांना पडवळ सरांच्या सौरचुलीकडे नेत असताना ते थांबून म्हणाले, "आधी फर्डे कुठे आहेत?"

मी जिन्याखालून हात वर केला. गर्दी बाजूला झाली. साहेब जिन्याखाली आले, त्यांनी स्वतःच्या हाताने कुंड्या सरकवल्या, आणि खिशातून माझा खुलासा काढला.

"पोटातले सगळे भाग काढलेला बीडीओ तो हाच का?"

"होय साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हे पत्र मी घरी बायकोला तीनदा वाचून दाखवलंय," ते म्हणाले. "चालू करा."

मी कळ दाबली. दिवा लागला. साहेबांनी पेडलवर बूट ठेवला, दांडा धरला, आणि रस्ता पळू लागला. टर्रर्र! पहिलाच खड्डा, फाट्यावरचा. टर्रर्र! गिरणीपुढचा. टर्रर्र! दुसरा गिरणीपुढचा. साहेबांच्या कपाळावर घाम आला. वेखंडे सर डोळे मिटून उभे होते. तेवढ्यात मागून महादूंना राहवेना.

"सायेब, डावीकडं घ्या, डावीकडं! थितं कमळूचा येतोय!"

साहेबांनी डावीकडे घेतलं. कमळूचा खड्डा चुकला, आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. कमळू तेवढा खट्टू झाला. मग काय, प्रत्येकजण आपापला खड्डा सांगू लागला. साहेब शहापुरातून रोज फायलींत जो रस्ता बघत होते, तो त्यांनी पहिल्यांदाच दांड्याने चालवला. पहिली फेरी, एकवीस घंट्या. दुसरी, चौदा. "पुन्हा," ते म्हणाले. तिसऱ्या फेरीत ते इरेला पेटले आणि त्यांनी पेडल जे तळाशी दाबलं ते सोडलंच नाही. ब्लाउज शिवणारी मोटर ती. मला जळका वास आला.

मी मागच्या दाराने आत शिरलो. मोटर काळी पडली होती. क्षणभर मी बसून राहिलो. सव्वीस वर्षं गेली आणि बाहेर साहेब खेळतायत. मी वायर ओढून काढली, वरचा रूळ दोन्ही हातांत धरला आणि पट्टा हाताने ओढायला लागलो. दिवा आणि घंटी बॅटरीवर होते, ते चालूच राहिले. पेटीच्या पुढे खालच्या बाजूला नाण्यांच्या पेटीची रिकामी खोबण होती, त्यातून मला पेडल आणि खेळणाऱ्याचा पाय दिसे. पाय दाबला की मी जोरात ओढायचो, पाय उचलला की थांबायचो.

"आता गाडी कशी शिस्तीत चालते," बाहेर साहेब म्हणाले. तिसऱ्या फेरीला नऊ घंट्या झाल्या.

साहेबांनंतर रांग लागली. शिक्षक, विद्यार्थी, परीक्षक, गिरणीवाले, सकुबाईसुद्धा. त्या म्हशीला मुद्दाम धडकल्या, घंटी वाजते का बघायला. मी आत ओढतोय हे कोणाला माहीत नव्हतं, आणि मला सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर यंत्र बंद आहे म्हणाले असते, आणि बंद यंत्राला फार तर उत्तेजनार्थ. दोन तासांत माझे खांदे भरून आले. पण मी पायांवरून माणसं ओळखायला शिकलो. पडवळ सरांचे पॉलिश केलेले बूट पाच वेळा येऊन गेले. पाचही वेळा मी त्यांना थोडं जोरात ओढलं.

मग रांग मंचाकडे पांगली. बक्षीस समारंभ सुरू झाल्याचं लाउडस्पीकरवरून ऐकू आलं. मी रूळ सोडून बाहेर पडणार, इतक्यात पेडलवर एक पाय आला. अनवाणी. दोन जोडवी, टाचेला भेग, अंगठ्याला सुईची जुनी खूण. त्या पायाने पेडल दाबलं नाही, आधी दोनदा हलकेच टेकवून पाहिलं, शिवण सुरू करण्याआधी टेकवतात तसं.

"मोटर जळल्याचा वास मला दारातच आला," वंदना हळूच म्हणाली. "आत तुमी हाव ना?"

"मी," मी म्हणालो. "तुझी मोटर गेली गो."

पेडलवरचा पाय उचलला गेला. मला वाटलं, आता निघून जाईल.

"ओढा," ती म्हणाली.

मी ओढू लागलो. काय सांगू तुम्हाला! बीडीओ साहेब पाहिले, परीक्षक पाहिले, पण असा पाय दुपारभर पेडलवर आला नव्हता. खड्डा यायच्या आधी हलका व्हायचा, गेला की भरायचा. टाका चुकू न देणारा पाय तो. फाटा गेला, घंटी नाही. गिरणीपुढचे दोन्ही गेले, घंटी नाही. कमळूचा गेला, म्हैस गेली. मला आत अंधारात घामाने दिसेना, पण हातांना कळत होतं.

आणि लाउडस्पीकरवर पडवळ सरांचा आवाज आला, जरा नाखुशीचा. "प्रयोगशाळा कर्मचारी गट. प्रथम क्रमांक. श्री. काळूराम बाळू फर्डे यांनी मंचावर यावे."

श्री. म्हणाले. मी ऐकलं.

"थांबू नका हां," वंदना म्हणाली. "एक बी लागला नाय अजून."

"श्री. काळूराम बाळू फर्डे."

सव्वीस वर्षं मी ज्या हाकेची वाट पाहिली ती बाहेर तीनदा झाली, आणि मी दोन्ही हातांनी माझ्या बायकोला माहेरी ओढत होतो. सोडून गेलो असतो तर कोणी दोष दिला नसता, तिनेसुद्धा. पण मला जावंसंच वाटलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

मग मागचं दार करकरलं. उजेडात मिशी दिसली. साहेब मंचावरून उतरून, सगळ्या मैदानातून चालत जिन्याखाली आले होते, हातात प्रमाणपत्र घेऊन. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, जळक्या मोटरकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की तिसऱ्या फेरीला गाडी शिस्तीत का चालत होती. डोक्यावर टोपी नव्हती तरी त्यांनी टोपी काढल्यासारखा हात कपाळाला लावला.

"फर्डे, अभिनंदन," ते म्हणाले. "घ्या."

"साहेब," मी म्हणालो, "हात मोकळे नाहीत. तेवढं जरा तोंडात द्या."

त्यांनी प्रमाणपत्र माझ्या दातांत अलगद ठेवलं आणि वाकून, काचेच्या फटीतून पुढचा रस्ता बघत उभे राहिले. शेवटचे तीन खड्डे पुलाच्या तोंडाशी आहेत, एकाला चुकवावं तर दुसरा असे. त्या पायाने पेडल जवळजवळ सोडलं, मी श्वासाइतकं ओढलं, एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. घंटी वाजली नाही.

"आलं सापगाव," वंदना म्हणाली. मग जरा थांबून, "आता उलटं ओढा. घरी पन जायचंय ना?"

तोंडात पहिला नंबर होता, म्हणून मला काही बोलता आलं नाही. मी पट्टा उलटा ओढायला लागलो.